उभ्यानं जेवायची खानावळ

काकांच्या स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती. एकही नाही. इंगोलश्टाटला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा पोचले ती दोन बॅगा, लॅपटॉप आणि आईनं बळंच दिलेला लोणच्याचा डबा सांभाळत, चौदा तासांचा प्रवास करून. कुठेतरी बूड टेकावं एवढीच इच्छा होती. मी इकडेतिकडे बघतेय हे पाहून काका म्हणाले, "इथे बसत नाहीत. साधा रोमन माणूस दुपारचं उभ्यानं जेवायचा." मला तेव्हा साध्या रोमन माणसाशी काही देणंघेणं नव्हतं. ही खोली आईच्याच मैत्रिणीच्या ओळखीनं मिळाली होती, तेव्हा मनातल्या मनात आईचा उद्धार करत मी उभ्यानंच वरणभात खाल्ला आणि महिन्याभरात दुसरी जागा बघायचं ठरवून टाकलं. तिथे साडेतीन वर्षं राहिले.

काका माझे कुणी लागत नव्हते. मूळचे मिरजेचे. तरुणपणी जर्मनीत आले, गावातल्या मोठ्या मोटार कारखान्यात रंगखात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रस्त्यानं जाणारी गाडी नुसती बघून तिच्या रंगाचा नंबर सांगायचे आणि मग तोंड वाकडं करायचे. आयुष्यभर मी पांढरा, काळा आणि राखाडी मारला, म्हणायचे, या लोकांना देवानं इंजिन दिलं, रंग द्यायचा विसरला. स्वतः त्यांनी कधी गाडी घेतली नाही. जिथे शेजारी एकमेकांना गाडीवरून ओळखतात त्या गावात हा माणूस डोक्याला मफलर गुंडाळून सायकलवर फिरायचा, आणि सायकल होती भडक पिवळी. घरीच रंगवलेली.

काकूंना मी पाहिलं नाही. मी यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांच्यामागे घर मोठं वाटायला लागलं म्हणून काकांनी खोली भाड्यानं दिली. तेही स्वतः भाडेकरूच होते, मी त्यांची पोटभाडेकरू. मुलगी ड्रेस्डेनला, चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनिअर. ती माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई म्हणायला गेले, तर ती बिचारी गोंधळून मागे बघायची. फोनवर काका मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. दोघांचं छान चाललेलं असायचं. मलाच कान दोन दिशांना ठेवावे लागत.

तर ते स्वयंपाकघर. मधोमध विटांचा काटकोनी ओटा, त्यात वरून चार गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात एकेक बरणी गळ्यापर्यंत उतरवलेली. इथले लोक कोबी आंबवायला वापरतात त्या जाड दगडी बरण्या. एकीत वरण, एकीत उसळ, एकीत भात. चौथी रिकामी. मी विचारलं, ही का रिकामी? तर काका गंभीरपणे म्हणाले की आल्झो, रोमन खानावळीतल्या या रांजणांत नेमकं काय असायचं यावर विद्वानांचं एकमत नाही. काही म्हणतात सुका माल, काही म्हणतात कालवण. तीनात मी माझं मत मांडलंय, चौथा विद्वानांसाठी ठेवलाय. आल्झो म्हणजे 'तर, असं बघ'; काही समजावून सांगायचं असलं की त्यांची सुरुवात त्यानंच व्हायची. विद्वानांच्या रांजणात पोह्यांचा चिवडा असतो हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी काही बोलले नाही. चिवडा कमी होत गेला, त्यावर तेही काही बोलले नाहीत.

हे रोमन खूळ आलं कुठून, तर लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी काका-काकू बसच्या सहलीनं इटलीला गेले होते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई गाव बघायला. बाकी सगळे देवळं आणि श्रीमंतांचे वाडे बघत पुढे गेले आणि काका एका खानावळीपाशी अडकले. रस्त्याच्या कडेला ओटा, ओट्यात रांजण, मागे भिंत. त्यांना वाटलं आपण मिरजेला आलो. त्यांच्या वडिलांची स्टेशनाजवळ खानावळ होती. पुढचा पाऊण तास ते तिथून हलले नाहीत, बस त्यांच्यासाठी थांबून राहिली आणि काकूंनी सगळ्या बसची माफी मागितली, जर्मनमध्ये आणि मग उगाच मराठीतही.

त्या दिवसापासून काकांनी साध्या रोमन माणसाची बाजू घेतली ती शेवटपर्यंत. गरीब माणसाच्या खोलीत चूल नसायची, ते सांगायचे. सकाळी बाहेर पडायचा, ओट्याशी उभा राहायचा, गरम काहीतरी वाडग्यात घ्यायचा, चार माणसांशी बोलायचा आणि कामाला जायचा. खानावळ म्हणजे त्याचं स्वयंपाकघर आणि दिवाणखाना दोन्ही. रविवारी मला सायकलवर मागोमाग दामटत ते डोनाऊ नदीकाठच्या रोमन ठाण्यांच्या अवशेषांकडे न्यायचे. तिथे गुडघाभर उंचीच्या दगडी ओळींपलीकडे काहीही नसायचं. काका त्या ओळींमधून दारं शोधून आत शिरायचे, दारातून बाहेर यायचे, आणि मी ओळ ओलांडून गेले तर रागवायचे की भिंतीतून काय जातेस. एकदा एका मोकळ्या गवतात थांबून म्हणाले, इथे वाढप असणार. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, वारा येत नाही बघ. उसळ गार होऊन चालत नाही.

पण खरी गोष्ट ओट्यामागच्या भिंतीची.

त्या गाडलेल्या गावातल्या खानावळींच्या भिंती रंगवलेल्या असायच्या. कोंबडा, उलटी टांगलेली बदकं, साखळीचा कुत्रा. आणि एका ठिकाणी तर भिंतीवर गिऱ्हाइकंच काढली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर तो काय बोलला ते लिहून. एक म्हणतो प्याला इकडे दे, दुसरा म्हणतो माझा आहे. काका हे सांगताना हळवे व्हायचे. "सम्राट जेवताना काय म्हणाला कुणाला ठाऊक नाही," ते म्हणाले होते, "पण हा हमाल दोन हजार वर्षं प्याला मागतोय, आणि आपल्याला ऐकू येतंय."

म्हणून काकांच्या भिंतीवर काकांची गिऱ्हाइकं होती. दाराशी कोंबडा, त्याच्या पुढे रांगेनं माणसं, हातात वाडगी, आणि डोक्यावर देवनागरीत एकेक वाक्य. नियम कडक होते. ओट्याशी उभं राहून जेवलेला माणूसच भिंतीवर जाणार. वाक्य त्यानं जेवताना, नकळत बोललेलं हवं. भाषण चालणार नाही. पोस्टमन होता, त्याच्या डोक्यावर 'नुअर कुर्त्स', म्हणजे जरा दोनच मिनिटं. तो पाऊण तास थांबायचा. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई होत्या. त्यांना सगळे ओमा, म्हणजे आजी, म्हणायचे. त्या दर शुक्रवारी स्वतःची ताटली घेऊन यायच्या आणि पहिला घास घेण्याआधी न चुकता विचारायच्या, हे तिखट आहे का. 'इस्ट दास शार्फ?' ओमांना आपण भिंतीवर आहोत याचा इतका अभिमान, की भाड्याच्या घराच्या भिंतीवर हे काय चालवलंय असं म्हणायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी करणारी, शनिवारी गाडी पकडून जेवायला येणारी नागपूरची एक मुलगी होती, तिच्या डोक्यावर 'आता शेवटची पोळी'. अशा शेवटच्या पोळ्या ती चारपाच खायची.

चित्र काढायची पद्धतही रोमनच. भिंतीचा हातभर तुकडा खरवडायचा, चुना-वाळूचा ओला गिलावा द्यायचा आणि तो ओला असेतोवर रंग भरायचा. चुना वाळताना रंग आत ओढून घेतो. मग तो भिंतीवर राहत नाही, भिंतीचाच होतो. कारखान्यात आयुष्यभर पत्र्यावर रंग मारला, म्हणायचे, पत्रा काही आत घेत नाही. काळा रंग काजळीचा, पिवळा मातीचा, आणि लाल म्हणजे आपला गेरू. इथला लाल त्यांना पटायचा नाही. मी सुट्टीला घरी गेले की मिरजेच्या एका ठरावीक दुकानातला गेरू आणायचा हे माझ्या नशिबी आलं.

पहिल्याच वेळी म्युनिकच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं ती दोन किलोची पिशवी बाहेर काढली. लाल भुकटी. हे काय आहे? माझं जर्मन तेव्हा यथातथाच. मी म्हटलं, माती. कशाला? भिंतीला. तुमच्या भिंतीला? नाही, रोमन लोकांच्या. त्यानं पिशवी बाजूला ठेवली. शेवटी बाहेर मला घ्यायला आलेल्या काकांना आत बोलावलं. पुढची चाळीस मिनिटं मी बॅगेवर बसून होते आणि काका त्या माणसाला पॉम्पेईच्या भिंती समजावत होते. त्यानं पिशवी तर दिलीच, वर स्वतःच्या वहीत पॉम्पेईवरच्या एका पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. घरी येताना मी म्हटलं, याला तरी भिंतीवर घ्या. काका म्हणाले, माणूस चांगला आहे, पण जेवला कुठे?

मी मात्र जेवत होते. वर्ष झालं, दोन झाली. रोज दोन वेळा ओट्याशी उभी राहून जेवत होते, आणि भिंतीवर माझा पत्ता नाही. पोस्टमन आहे, शेजारणीच्या घरी आठवडाभर आलेला तिचा भाऊ आहे, मी नाही. एकदा न राहवून विचारलं. काका भात वाढत होते. म्हणाले, "अगं, सगळेच भिंतीत गेले तर वाचणार कोण?" हे काय उत्तर झालं? मी आठवडाभर फुगून माझ्या खोलीत ताट नेऊन जेवले, खुर्चीवर बसून. जेवण बेचव लागलं हे त्यांना कधी सांगितलं नाही.

भिंतीच्या शेवटी, शेगडीच्या अगदी वर, एक बाई होती. पाठमोरी. अंबाडा, खांद्यावरून घेतलेला गेरूच्या रंगाचा पदर, आणि हातात पळी. बाकी सगळे आपल्याकडे तोंड करून, ही एकटी पाठ करून. तिच्या डोक्यावर एक पट्टी कोरी होती. त्या काकू. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, तिचं वाक्य सापडत नाही.

मला वाटलं चेष्टा करतायत. जो माणूस शेजारणीच्या भावाचं वाक्य लक्षात ठेवतो, त्याला बायकोचं आठवू नये? पण खरंच तसं होतं. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात काकूंची वाक्यं लिहून काढलेली. इटलीत काय म्हणाल्या, मुलगी झाली तेव्हा काय म्हणाल्या, आजारपणात काय म्हणाल्या. काका एकेक वाचायचे आणि खोडायचे. हे ती मला उद्देशून बोलली, म्हणायचे, हे विचार करून बोलली, हे डॉक्टरांसमोर बोलली. ओट्याशी काय बोलायची ते कुठंय? एवढी वर्षं माझ्या पाठीमागे उभी राहून वाढत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून काम करत होतो, अगं, मी ऐकलंच नाही. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मला त्यांचा पहिल्यांदाच राग न येता वाईट वाटलं. तोंड तरी काढा, मी म्हटलं. ते म्हणाले, वाक्य मिळाल्याशिवाय तोंड कसं काढू, बोलताना माणसाचं तोंड बदलतं.

मिरजेच्या खानावळीची एक गोष्ट ते वरचेवर सांगायचे. वडिलांनी एका पेंटरकडून भिंतीवर हरणांची जोडी काढून घेतली होती. आजीला ते पटेना. जेवायच्या जागेची भिंत पांढरी हवी, तिनं दिवाळीला चुना मारून घेतला. हरणं गेली. पण रोज बाराच्या सुमाराला भाताचं पातेलं उघडलं, वाफ भिंतीला लागली की चुना ओला व्हायचा आणि हरणं परत दिसायची. अर्धा तास चरायची आणि भिंत वाळली की पुन्हा गडप. गिऱ्हाइकं म्हणे खास हरणांच्या वेळेला यायची. मी हे ऐकताना दरवेळी मान हलवायचे आणि दरवेळी मनात म्हणायचे, काका, फार झालं.

मग ओमा गेल्या. झोपेत, शुक्रवारीच. घर पुतण्याकडे आलं. पुतण्या सभ्य माणूस होता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण सभ्य माणसाशी भांडता येत नाही. त्याच्या मुलीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिला राहायला घर हवं होतं. आयगनबेडार्फ. म्हणजे मालकाला स्वतःच्या माणसांसाठी घर हवं असलं की भाडेकरूनं निघायचं. मुदत भरपूर दिली, पत्राखाली शुभेच्छाही होत्या. भिंत त्यानं कोंबड्यापासून शेगडीपर्यंत बघितली. मग म्हणाला, करारात पांढऱ्या भिंती असं लिहिलंय. पांढरी करून द्या. तुम्हाला जमत नसेल तर काही हरकत नाही, मी माणसं बोलावून सगळं प्लास्टर विटेपर्यंत काढून घेतो आणि नवं घालतो.

मी वकील गाठला. तो म्हणाला, इतकं जुनं कलम कोर्टात टिकायचं नाही, लढा. मी उत्साहानं घरी येऊन सांगितलं. काकांनी करार काढून दाखवला. जर्मनीत आल्याआल्या, अर्ध्याहून जास्त शब्द न कळता केलेली सही. "सही माझी आहे," म्हणाले, "आणि भिंत त्यांची. भाड्याच्या भिंतीत मी माणसं गाडली, चूक माझी." समजावून सांगताना त्यांनी सुरुवात आल्झोनं केली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

मुलीनं ड्रेस्डेनला स्वतःजवळ जागा बघितली आणि आठवडाभराची रजा काढून आवरायला आली. इथे घर सोडताना स्वयंपाकघरसुद्धा उचकटून न्यायचं असतं. शेगडी तेवढी शेवटपर्यंत ठेवली; ओटा फुटला, बरण्या खोक्यात गेल्या, विद्वानांच्या रांजणाच्या तळाशी चार शेंगदाणे निघाले. मी दुकानातून पांढऱ्या रंगाची मोठी बादली आणली, तर काका कधी नव्हे ते ओरडले. प्लास्टिक आहे ते! माझ्या माणसांच्या तोंडावर पिशवी बांधणार का? बादली परत गेली आणि चुना आला. काकांनी तो स्वतः भिजवला, स्वतः गाळला. झाकलेलं टिकतं, म्हणाले. राखेखाली होतं ते वाचलं, उघडं पडलं ते उन्हानं गेलं.

रंगवायच्या दिवशी मी मुगाची खिचडी करून ठेवली. काका ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. एक एक माणूस बघत होते. पोस्टमन, ओमा, शेवटची पोळी. मग काकूंपाशी थांबले ते थांबलेच. ब्रशवरून चुना थेंब थेंब खाली गळत होता. अर्धा तास झाला असेल. मुलीनं खिचडी गरम करून खिडकीच्या कट्ट्यावर तीन वाडगी मांडली, जर्मनमध्ये हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. काकांना ऐकू जात नव्हतं. ती तिसरं वाडगं भरत होती, आमच्याकडे पाठ होती, आणि पाठमोरीच ती म्हणाली,

"अहो, गार होतंय."

मराठीत. वडिलांना. अहो.

काका वळले. ते आधी मुलीकडे बघतच नव्हते, ओटा होता त्या मोकळ्या जागेकडे बघत होते, मग तिच्याकडे बघितलं. ती वरमली. जर्मनमध्ये सांगायला लागली की मामा, म्हणजे आई, रोज असंच म्हणायची ना, तुम्ही भिंतीशी असायचात आणि ती असं म्हणायची, मला लहानपणी वाटायचं जेवायला बोलवायचं ते असंच असतं. चुकलं का?

"नाही," काका म्हणाले. "रोज म्हणायची. रोज म्हणायची म्हणून आठवलं नाही."

मी रडले, यात लपवण्यासारखं काही नाही. ती मुलगी रडली नाही, तिनं वडिलांच्या हातातला ब्रश घेऊन बादलीत ठेवला आणि वाडगं दिलं. काकांनी आधी खिचडी खाल्ली. उभ्यानं, गरम, सगळी. मग पट्टीचा वाळका गिलावा खरवडला, नवा दिला, आणि तो ओला असतानाच काजळीच्या रंगानं ते वाक्य लिहिलं. मी म्हटलं, आता तोंड काढा. ते म्हणाले, नको. ती वाढतेय, वाढताना कशाला वळवू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. एकट्यानं. आम्हाला आत येऊ दिलं नाही.

ताबा देताना पुतण्यानं भिंतीवरून हात फिरवला, तळवा पांढरा झाला, त्यानं तो रुमालाला पुसला आणि कागदावर बरोबरची खूण केली. पांढरी आहे, म्हणाला. काका म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

ड्रेस्डेनहून ते दर शनिवारी फोन करायचे. आपल्या भिंतीचं काय, विचारायचे. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते, मला काय कळणार? पांढरी आहे, मी म्हणायचे. हं, म्हणायचे. दीड वर्षानं काका गेले. मुलीनं फोन करून मला मराठीत सांगितलं, दोनच शब्दांत, "बाबा गेले." मग पुढचं सगळं जर्मनमध्ये.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला. पुतण्याची मुलगी. कुणाचं पत्रबित्र आलं तर म्हणून मी नंबर ठेवून आले होते, तो तिच्याकडे होता. ती घाबरलेली होती. भिंतीवर शिमेल येतंय, म्हणाली. शिमेल म्हणजे बुरशी, आणि जर्मन माणूस बुरशीला जितका घाबरतो तितका वाघालाही घाबरत नाही. शेगडीच्या वर काळे डाग दिसतात आणि जातात, म्हणाली, वडील म्हणतात माणसं बोलावून प्लास्टर काढून टाकू, पण त्याआधी विचारावं म्हटलं, तुमच्या वेळेलाही होतं का?

मी रविवारी दुपारी गेले. बाराच वाजत होते, हे मी ठरवून केलं नव्हतं. ओट्याच्या जागी आता टेबल आणि चार खुर्च्या. शेगडी मात्र तिथेच, कारण वायर तिथेच. वाफ ओढणारी चिमणी विकत आणलेली, पण अजून खोक्यात. भिंत कोरडी, पांढरीशुभ्र. तिचा मित्रही तिथे होता, तो म्हणाला, आता नाही दिसणार, स्वयंपाक करताना दिसतं. मी म्हटलं, मोठं पातेलं ठेव आणि झाकण घालू नकोस.

पाणी उकळलं. वाफ वर गेली. पहिल्यांदा काळसर काहीतरी, खरंच बुरशीसारखं. मग एक सरळ रेघ, तिच्याखाली काने, मात्रा. मग खाली गेरूचा लाल, आधी फिका, मग तोच, मिरजेच्या दुकानातला. खांदा. पदर. मी मिरजेच्या हरणांवर कधी विश्वास ठेवला नाही, आणि हे ज्यांना सांगायचं ते काका आता नव्हते. मला फार म्हणजे फार वाईट वाटलं.

"ही अक्षरं आहेत?" मुलीनं विचारलं. "काय लिहिलंय?"

ते वाचता येणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. काकांनी मला भिंतीवर घेतलं नाही याचा जो राग मी इतकी वर्षं धरला होता तो तिथे, त्या क्षणी गेला. मी तिला सांगितलं, बुरशी नाही, बाई आहे, आणि ती म्हणतेय की जेवण गार होतंय.

दोघं भिंतीकडे बघत राहिली. मग त्या मुलीनं, जणू कुणी दटावल्यासारखं, घाईघाईनं उकळत्या पाण्यात पास्ता टाकला, तिच्या मित्रानं ताटल्या काढल्या, आणि तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी नको म्हटलं. भिंत वाळेपर्यंत मी उभ्यानंच जेवले.